रुस्ताकहून चार ओळी

जून संपत आला की इथे आखातात, आमच्या अल् खुवैरच्या ऑफिसात, माझी सहकारी खौला एक मोठं ताट घेऊन येते. तिच्या वडिलांची रुस्ताकजवळ खजुराची बाग आहे. ताटात रुतब असतो, म्हणजे झाडावरच अर्धा पिकलेला खजूर. देठाकडे पिवळा आणि कडक, टोकाकडे मधाच्या रंगाचा, बोटानं दाबला तर साल सुटणारा. एकाच घासात आधी काकडीसारखा करकरीतपणा लागतो आणि मग जिभेवर काहीतरी विरघळतं. खौला ताटावरचा कागद काढते आणि म्हणते, "यल्ला, लवकर खा. दुपारपर्यंत टिकणार नाहीत."

बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही असे हे दिवस. इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन क्षण जग नाहीसं होतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला या ऋतूचं कौतुक वाटणं कठीण, आणि मला ते बरीच वर्षं वाटलंही नाही. पण एका वर्षीच्या उन्हाळ्यानंतर हा रुतब तोंडात टाकताना माझा हात थोडा थांबतो. विमानं बंद होती, त्या वर्षीचा तो उन्हाळा.

आम्ही तेव्हाही सीबलाच राहत होतो. ऑफिस घरी आलं होतं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला सईची शाळा. सई तेव्हा चौथीत होती. माझं काम नेटवर्कचं. आमची कंपनी छोट्यामोठ्या दुकानांचे आणि कार्यालयांचे कॉम्प्युटर सांभाळते. एरवी मी गाडी काढून जायची, टेबलाखाली वाकून वायरी तपासायची. आता रस्त्यांवर नाके होते, एका विलायतेतून, म्हणजे इथल्या जिल्ह्यातून, दुसऱ्या विलायतेत जायला परवानगी लागायची. मग सगळं फोनवर. दिवसभर कानात माणसांचे आवाज, आणि त्या आवाजांमधून मला न दिसणाऱ्या खोल्या ओळखायच्या. मागे पंखा कुरकुरतोय, म्हणजे गोडाऊन. मागे बांग, म्हणजे खिडकी उघडी आहे.

दाऊदभाईंचा पहिला फोन अशाच एका दुपारी आला. रुस्ताकच्या सूकपासून, म्हणजे बाजारापासून, थोडं पुढे बांधकामाच्या सामानाचं एक दुकान होतं. टाइल्स, नळ, सिमेंटची पोती. दाऊदभाई तिथले स्टोअरकीपर. "मॅडम, नेट नहीं चल रहा," ते हिंदीत म्हणाले. मी सवयीनं वायर बघायला सांगितली. फोन बाजूला ठेवून ते वाकले असावेत. दूरवरून पुटपुटणं ऐकू आलं, "आता काय झालाय ह्याला, कोणाक ठाऊक."

मी म्हटलं, "दाऊदभाई, तुम्ही कोकणातले?"

पलीकडे एकदम हसू. "राजापूरकडचा! अहो, मग आधी नाय का सांगायचा? मी उगाच एवढा हिंदी बोलतोय!"

त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणणं सोडून ताई म्हणायला लागले. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, पण ताईच.

नेट रोज जायचं. मी दर वेळी तेच प्रश्न विचारायची आणि ते दर वेळी तीच उत्तरं द्यायचे. शेवटी मी म्हटलं, "तुम्हाला एक गोष्ट शिकवते. म्हणजे दोष कुठे आहे ते तुम्हालाच कळेल." कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता एक लुकलुकणारा ठिपका. तिथे पिंग असं लिहायचं, त्याच्यापुढे ज्याची चौकशी करायची त्याचा आकड्यांचा पत्ता, आणि एंटर. कॉम्प्युटर त्या पत्त्यावर चार वेळा निरोप पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं तर 'रिप्लाय' अशी ओळ उमटते, आणि किती वेळात आलं तेही. नाही आलं तर 'टाइम्ड आउट'. आधी दुकानातल्या राउटरला विचारायचं. तो बोलला तर बाहेरच्या जगातल्या एखाद्या पत्त्याला. जिथपर्यंत उत्तर येतं तिथपर्यंत वाट ठीक. जिथून येत नाही तिथे बिघाड.

इंग्रजी अक्षरं एकेक शोधत त्यांनी ते लिहिलं. "पी. आय. एन. जी. मग?"

"मग जागा सोडा. खालची लांब पट्टी दाबा."

चार ओळी उमटल्या. त्यांनी त्या मला वाचून दाखवल्या, आकड्यांसकट, बातम्या वाचाव्यात तशा. मग म्हणाले, "ताई, हे आमच्या खाडीवरल्यासारखा हाय. पलीकडे जायचा असला की ह्या काठावरनं तरीवाल्याला हाक मारायची, होऽऽ! तो 'ओ' देतो का बघायचा. 'ओ' आला की समजायचा, होडी येते."

मी हे काम बारा वर्षं करत होते. इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दुकान तर बंदच आहे. नियमच तसे होते. मालाची ने-आण थांबलेली, अर्बाब म्हणजे दुकानाचे मालक आपल्या गावी, आणि दाऊदभाई मागच्या खोलीत एकटे. मग रोज दुपारी दोन वाजता यांना नेट कशाला लागतं? मी तसं विचारलं. विचारण्यात थोडा कामाचा कंटाळाही होता, हे कबूल करते.

"पोरीशी बोलायचा असतो," ते म्हणाले.

"मग साधा फोन लावा ना. तो तर चालू आहे."

"ती ऐकत नाय, ताई. बोलत पण नाय. जन्मापासनं."

झैनब तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली. दाऊदभाई आखातात, म्हणून थोरल्या भावानं तिला आपल्या घरी वाढवलं. बापलेक दोन वर्षांतून एकदा दोन महिने भेटायचे, आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी हातांची आपली एक भाषा तयार केली होती. ती कुठल्या शाळेत शिकवलेली नव्हती. समुद्रासाठी तळहाताची लाट. आईसाठी कानातल्या बाळीची जागा चिमटीत धरायची, कारण झैनबला आईचं तेवढंच आठवत होतं. ही भाषा जगात दोनच माणसांना पुरती येत होती. दाऊदभाईंच्या मोबाइलचा पडदा फुटलेला होता, आणि डोंगराच्या कुशीतल्या त्या खोलीत मोबाइलला रेंजही धड नसायची. दुकानातल्या मोठ्या पडद्यावर मात्र झैनबची दहाही बोटं नीट दिसायची. अर्बाबांनी स्वतः सांगितलं होतं, दुकान बंद आहे तोवर कॉम्प्युटर तुझा.

"चित्र अडकला ना ताई, की तिचा हात हवेत तसाच राहतो. पुढे काय म्हणाली ते जातं. मग मी 'हो हो' करतो. तिला कळता, बाबाला नाय कळला."

त्या संध्याकाळी मला स्वतःची लाज वाटली. पुण्याला बाबांचा फोन रोज यायचा. ते विचारायचे, जेवलीस का, ऊन किती आहे, विमानं कधी सुरू होणार. रोज तेच. मग मी म्हणायची, "बाबा, आवाज तुटतोय, रेंज नाहीये बहुतेक. नंतर करते." माझ्यासमोरच्या पडद्यावर घरचं नेटवर्क किती खणखणीत आहे ते मला दिसत असायचं. नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईनं वडिलांना रेंज नाही म्हणून सांगायचं. ते बिचारे खरं मानायचे. "हो का? बघ बाई, तुझ्यामागे कामं," म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

जुलै लागला. हवा इतकी दमट झाली की बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे दिवसभर ओलसरच राहायचे. एका गुरुवारी दाऊदभाईंचा फोन आला, आणि आवाज नेहमीचा नव्हता. भावानं झैनबसाठी स्थळ आणलं होतं. मुलगा शेजारच्या गावचा, माणसं चांगली, मागणं काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना शब्द द्यायचा होता.

"भाऊ म्हणतो, झैनबनं मान हलवलीन्, ती तयार हाय. पण ताई, ती कोणी काय बी विचारला तरी मान हलवते. समोरचा गप बसावा म्हणून हलवते. मला माहीत हाय ना."

"मग भावाला सांगा, मला तिला विचारू द्या."

"सांगितला. तो म्हणतो, विचार की, कोण अडवतो तुला? पण तुझा नेट कुठे धड चालतो. चार दिवस झाले, दोन मिनटात बंद पडतो. त्याचा पण चुकत नाय. सोळा वर्षं त्यानं सांभाळलीन्. मी काय तोंडानं सांगू, थांब म्हणून?"

मी म्हटलं, उद्या दुपारी दोनला मी फोनवर असेन, चित्र स्थिर होईपर्यंत उठणार नाही. भारतात तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. संध्याकाळपर्यंत वेळ होता, पण फार नव्हता.

शुक्रवारी सईला कार्टून लावून दिलं, नवऱ्याला सांगितलं मला हाक मारू नकोस, आणि आतल्या खोलीत बसले. दाऊदभाई जुम्म्याची नमाज खोलीतच पढून कॉम्प्युटरपुढे येऊन बसले होते. या वेळी मी त्यांना पिंगच्या शेवटी एक छोटी खूण जोडायला सांगितली. मग तो चार वेळांवर थांबत नाही, आपण थांबवेपर्यंत विचारत राहतो.

"आधी राउटरला विचारा. आणि ओळी वाचत राहा."

"रिप्लाय," ते वाचू लागले. "रिप्लाय. रिप्लाय. रिप्लाय." तसबीहचे मणी ओढताना येते तशी एक लय त्या वाचण्याला आली. मिनिट गेलं, दोन गेली. "रिप्लाय. रिप्लाय. टाइम आउट. ताई, टाइम आउट! परत टाइम आउट."

म्हणजे बिघाड गावाकडे नव्हता, समुद्राखालच्या कुठल्या केबलमध्ये नव्हता. त्यांच्या मागेच, काही हातांवर होता. राउटरच मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत होता.

"राउटर आहे कुठे?"

"मागल्या गोडाऊनात, माळ्यावर. पत्र्याच्या खाली."

"एसी?"

"दुकान बंद, म्हणून गोडाऊनचा एसी पण बंद. महिना झाला."

"वर चढा आणि त्याला हात लावून बघा. जपून."

शिडीची करकर ऐकू आली, मग एक मोठा श्वास. "या अल्ला! तव्यासारखा तापलाय! ओला फडका टाकू?"

"नको, नको! पाणी अजिबात नको!" मी इतक्या जोरात ओरडले की सई धावत आली.

मग ते काम आम्ही दोघांनी मिळून केलं. त्यांनी हातांनी, मी आवाजानं. राउटर खाली काढला. त्याची लांब वायर टाइल्सच्या खोक्यांमागून सोडवून पुढच्या दुकानापर्यंत आणली. पुढचा एसी लावला, राउटर थंड फरशीवर ठेवला, त्याच्यासमोर टेबलफॅन. वीस मिनिटं आम्ही तो गार व्हायची वाट बघत होतो. मध्येच दाऊदभाई म्हणाले, "तिनं हो म्हटलान् तर मी खूशच हाय हं, ताई. असा नको समजू की बाप मोडता घालतो."

मग पुन्हा काळी खिडकी. रिप्लाय, रिप्लाय, रिप्लाय. दहा मिनिटं एकही ओळ चुकली नाही. "लावा आता," मी म्हटलं.

मीटिंग मीच उघडून दिली होती, त्यामुळे मी त्यात होते. माझा कॅमेरा बंद होता. मी निघून जायला हवं होतं. पण पुन्हा काही अडलं तर, म्हणून राहिले, आणि खरं सांगायचं तर जाववलंही नाही.

दाऊदभाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बारीक अंगाचे, पांढरी दाढी, टोपी, कपाळावर गोडाऊनची धूळ. मग दुसऱ्या चौकटीत झैनब आली. जांभळी ओढणी, रुंद कपाळ बापाचंच. दाऊदभाईंनी दोन्ही हातांची बोटं कपाळापासून चेहऱ्यावरून खाली झुलवली, सेहऱ्याच्या माळा लोंबतात तशी. मग तळहात उघडा धरला. लग्न. हवं तुला?

झैनबनं मान हलवली. हो.

पण ती बापाकडे बघत नव्हती. तिची नजर पडद्याच्या बाजूला होती. तिथे कुणीतरी उभं असणार. दाऊदभाईंनी टेबलावरून पुढे वाकून बोट आधी स्वतःच्या डोळ्यांकडे नेलं, मग तिच्याकडे. माझ्याकडे बघ. आणि मग दाराकडे. बाहेर जा.

पडदा हलला. कौलं, भिंत, अंगणातला चकचकता चिखल, एका कोंबडीची धावपळ. मला वाटलं आता चित्र जाणार. गेलं नाही. झैनबनं मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला. मागे काजूचं झाड होतं आणि पाऊस नुकताच थांबलेला असावा, पानं निथळत होती. ती एकटी होती. दाऊदभाईंनी पुन्हा तेच विचारलं, तितक्याच सावकाश.

तिनं मूठ मिटली आणि झटकून उघडली, हाताला काही चिकटलेलं काढून टाकावं तशी. एकदा. मग पुन्हा, जोरात. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानंतर ती जे बोलत सुटली त्यातलं मात्र मला काही कळलं नाही. हात भराभर चालत होते. तळहातावर बोटानं अक्षरं गिरवत होती, दूर कुठेतरी दाखवत होती, छातीवर थाप मारत होती. मध्येच तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि पुन्हा सुरू झाली. दाऊदभाई हलले नाहीत. एकदाही खोटं 'हो हो' केलं नाही. कळलं नाही तिथे त्यांनी हात वर केला, आणि तिनं ते वाक्य पुन्हा सांगितलं. चाळीस मिनिटं कसलाही आवाज नव्हता, फक्त रुस्ताकचा टेबलफॅन आणि कोकणातली टपटप.

मी रडले. कशासाठी, ते नीट सांगता येत नाही. तिच्या 'नाही'साठी नसेल. इतकं ऐकून घेतलं जाणं मी कधी पाहिलं नव्हतं म्हणून असेल.

कॉल संपल्यावर फोनवर त्यांचा आवाज आला. "ताई, नाय म्हणते. रत्नागिरीला मुक्या पोरांची शाळा हाय, तिकडे शिकायचा म्हणते. दोन वर्षं मनात हाय तिच्या. मला सांगत होती, पण चित्र अडकायचा ना."

"आता?"

"आता काय. भावाला फोन करतो. खलास."

हे 'खलास' सोपं नव्हतं. भाऊ चिडला नाही, तर दुखावला, आणि ते जास्त वाईट. "माझ्या घरात राहून माझ्यावर विश्वास नाय?" एवढंच तो म्हणाला आणि त्यानं दाऊदभाईंशी बोलणं सोडलं. दोन महिने सोडलं. त्या काळात दाऊदभाई मला कधी कधी उगाच फोन करायचे. "नेट चांगला चालू हाय," एवढं सांगायला. मी विचारायची, भाऊ बोलला का? "नाय अजून. बोलेल इन्शाल्ला."

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना ते जमत नसे. त्यांनी फोन कानालाच लावला, आणि मला पडद्यावर नुसता एक मोठा कान दिसला, त्यावरचे पांढरे केस, चष्म्याची काडी. "आज रेंज आहे वाटतं?" ते म्हणाले. मी म्हटलं, "आहे बाबा. रोज असते." त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. मग आम्ही बराच वेळ बोललो, म्हणजे तेच, जेवण, ऊन, विमानं. मी तो कान बघत राहिले. सई मागून येऊन विचारू लागली, "आजोबाचा फेस कुठे आहे?"

हिवाळ्यात विमानं सुरू झाली. दाऊदभाई गेले, झैनबला रत्नागिरीच्या शाळेत घालून आले. जाताना भावाच्या घरीच उतरले, आणि भावानं दारात यायला थोडा वेळ लावला, पण आला. पुढच्या ईदला भावजयीनं झैनबसाठी वसतिगृहावर शेवयांचा डबा पाठवला. झैनब आता त्याच शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करते. हे सगळं मला फोनवर कळत गेलं, तुकड्यातुकड्यांनी.

यंदा खौलाचं ताट आलं त्याच आठवड्यात दाऊदभाई सीबला आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत समोरासमोर पहिल्यांदा. व्हिसा रद्द करून कायमचे निघाले होते, निरोप घ्यायला आले होते. मी थालीपीठ केलं. जेवण झाल्यावर ते जरा अवघडून म्हणाले, "ताई, एक अडचण झालीय."

अडचण अशी होती की झैनबची भाषा आता बदलली होती. शाळेत ती खरी खुणांची भाषा शिकली, जी तिथल्या सगळ्या मुलांना येते. बापलेकीच्या जुन्या खुणा तिला आठवतात, बापासाठी ती वापरतेही, पण आता त्या तिला लहान बाळाच्या बोबड्या बोलांसारख्या वाटतात. तिच्या मैत्रिणी असतात तेव्हा दाऊदभाईंना काही कळत नाही. म्हणून गेले आठ महिने ते रोज तिच्याकडून व्हिडिओवर धडे घेत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

"एक वाक्य बसवतोय," ते म्हणाले. "घरी गेल्यावर पयला तेच बोलायचा हाय. पण दोन खुणा सारख्याच दिसतात, माझा घोळ होतो. एक 'आलो' आणि दुसरी 'राहायला आलो'. इतकी वर्षं आमच्या खुणांत मी नुसता 'आलो'च सांगत होतो."

ते सोफ्यावरून उठले. सई आता नववीत आहे. तिनं कानातले इअरफोन काढले आणि बघत राहिली. दाऊदभाईंनी दोन्ही हात छातीसमोर धरले, स्वतःकडे वळवले, आणि मग खाली आणून घट्ट थांबवले. डोकं हलवलं. चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा.

"अंकल, स्लो करा," सई तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली. "शेवटी हात हलतो तुमचा. तो हलायला नको ना?"

"हलायला नको," दाऊदभाई म्हणाले. त्यांनी हात पुन्हा खाली आणले, आणि या वेळी ते हात स्थिर राहावेत म्हणून आम्ही तिघंही श्वास धरून उभे होतो.